आधी दगड ओळखावा

फरशी पुसली की नाही, हे आपल्या घरांत अजूनही वासावरून ठरतं. दार उघडताच फिनेलचा वास आला की घर स्वच्छ. तो आला नाही तर मावशींनी आज नुसतंच फडकं फिरवलं, असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे स्वच्छ फरशीला कसलाच वास नसतो. येतो तो बाटलीचा. त्या बाटलीत काय आहे, ते आपल्या फरशीला चालतं का आणि पुसणाऱ्या हातांना सोसतं का, हे विचारायची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. मला हा विषय किरकोळ वाटत नाही. घरात सगळ्यांच्या अंगाला सतत लागणारी वस्तू म्हणजे जमीन. रांगतं मूल तिच्यावर तळवे टेकतं आणि तेच तळवे तोंडात घालतं. उन्हाळ्याच्या दुपारी आपण चटई न घेता तिच्यावर आडवे होतो. श्रावणात, नवरात्रात पंगत अजून तिच्यावरच बसते. आणि म्हातारपणी माणूस तोल जाऊन पडतो तोही तिच्यावरच.

आमच्या कोकणातल्या घराची जमीन शेणाची होती. पावसाळा सरला की अंगणात खळं करायचं. माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडून ती मुरू द्यायची आणि मग चोपण्याने चोपायची. चोपण्याचा थपथप आवाज सगळ्या वाडीत ऐकू येई आणि कुणाचं खळं कुठवर आलं ते घरबसल्या कळे. घरातल्या जमिनीला मात्र वर्षभर दर काही दिवसांनी हात लागे. आजी ताजं शेण पाण्यात कालवायची, त्यातल्या काड्या आणि खडे बोटांनी चाचपून बाहेर काढायची, पोफळीची विरी घ्यायची आणि आतल्या भिंतीपासून मागे मागे सरकत उंबऱ्याकडे यायची. एकेक फेरा अर्ध्या वर्तुळात फिरे, पुढचा फेरा आधीच्या कडेवर जरासा चढे. कुठेही कोरडी फट राहायची नाही आणि कुठेही शेणाचा थर साचायचा नाही. वाळल्यावर त्या फेऱ्यांच्या कमानी जमिनीवर दिसत. तिरप्या उन्हात त्या फार सुंदर दिसायच्या. शेणातले न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात, म्हणून धूळ उडत नाही आणि भेगा रुंदावत नाहीत, हे मी पुढे वाचलं. शेण पातळ झालं तर जमीन तोंड उघडते आणि जाड झालं तर पोपडे धरते, हे आजीच्या हाताला कळत होतं.

आणखीही एक गोष्ट तिला कळत होती. बोटाला विळीने कापलं असेल, टाचेला भेग असेल, तर ती त्या दिवशी सारवायला बसत नसे. काकीला सांगे. शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि उघडी जखम त्यांना पुरते. आज ज्या घरांत हौसेने जमिनी सारवल्या जातात, कोकणातली, गोव्यातली पाहुण्यांसाठी उघडलेली मातीची घरं तर पुष्कळ झाली आहेत, तिथे सारवणाऱ्या बाईच्या हाताला जखम नाही ना, तिने धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे पाहणं यजमानाचं काम आहे. तान्ह्या बाळाची नाळ पडेपर्यंत त्याला ताज्या सारवलेल्या जमिनीपासून दूरच ठेवावं.

आमच्या भागात जमीन काळीभोर दिसावी म्हणून टॉर्चचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड शेणात मिसळत असत. ते काम पोरांकडे असायचं. दगडाने सेल ठेचायचा, पत्रा सोलायचा, आतली पूड वाटीत काढायची. नंतर किती तरी वेळ नखं काळी राहायची. त्या पुडीत मँगनीज डायऑक्साइड असतं आणि तिची बारीक धूळ श्वासातून आत जाणं मुळीच चांगलं नाही. वस्त्रगाळ केलेल्या कोळशाच्या पुडीने जमीन तितकीच काळी होते. सेल ठेचण्याची ही पद्धत जिथे कुठे चालू असेल तिथे ती थांबावी, असं मला मनापासून वाटतं.

मातीच्या घरातून आपण दगडावर आलो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर बसला आहे. किल्ले, जुनी देवळं, वाड्यांची जोती, सगळी त्याच दगडाची. पण घरातल्या फरशीसाठी आपल्याला शेजारी जावं लागलं. शहाबादी आली कर्नाटकातल्या आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून. कारण साधं आहे. आपला दगड लाव्हा थंड होऊन झाला, तो ठोकळ्यांनी फुटतो, त्याच्या पातळ लाद्या सहज सुटत नाहीत. शहाबादी आणि कडप्पा हे प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनलेले चुनखडक आहेत आणि ते थराथराने सुटतात. शहाबाद मुंबईहून सोलापूरमार्गे चेन्नईला जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे, त्यामुळे ही फरशी आपल्या चाळींत, वाड्यांत, शाळांच्या व्हरांड्यांत पोचायला अडचण पडली नाही. पावलांनी घासून घासून शहाबादीला येणारी गुळगुळीत, निळसर राखाडी झाक मला कुठल्याही महागड्या टाइलपेक्षा देखणी वाटते.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लात विरघळतं. सगळी गोम इथे आहे. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेलं लिंबू पालथं पडून राहिलं की काय होतं, हे बहुतेक स्वयंपाकघरांनी पाहिलं आहे. लिंबू उचललं की खाली फिकट गोल उमटलेला असतो. तो ओल्या फडक्याने जात नाही, साबणाने जात नाही, घासणीने तर आणखीच पसरतो. कारण तो डाग नसतोच. तेवढ्या गोलातला दगडाचा वरचा पापुद्रा विरघळून गेलेला असतो आणि उजेड तिथून सरळ परतत नाही, म्हणून ती जागा पांढुरकी दिसते. ही करणी लिंबाची. मग संडास धुण्याच्या द्रवात जे हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं ते काय करत असेल? मोरीतल्या शहाबादीवर ते ओतलं की फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, मळ निघाला. तो फेस दगड विरघळताना सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. मोरीच्या तोंडाशी फरशी खडबडीत होते, खडबडीत दगडात मळ जास्त धरतो, मळ दिसला की पुन्हा ॲसिड पडतं. काही वर्षांत तिथे खळगा होतो आणि मग दोष फरशीवाल्याला दिला जातो.

शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर ही रूपं वेगळी, पण चौघांचा पिंड एक. जे लिंबाला भितं ते व्हिनेगरलाही भितं. फोनवर फिरणाऱ्या घरगुती युक्त्यांमध्ये ‘व्हिनेगरने फरशी चकाचक’ हे वाक्य सारखं दिसतं, ते या चौघांच्या बाबतीत सपशेल चूक आहे. आपली फरशी कुठली, हे ठाऊक नसेल तर कपाटामागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले किंवा तेवढी जागा निस्तेज झाली तर दगड चुन्याच्या कुळातला. थेंब लगेच धुऊन पुसून घ्यावा. ग्रॅनाइटवर किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर त्या थेंबाला काहीच जमत नाही. ही एवढीशी परीक्षा दुकानातली कुठलीही बाटली घेण्याआधी करावी.

मग या दगडांना लागतं तरी काय? कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे थोडे थेंब, नंतर साध्या पाण्याचा एक हात आणि शेवटी कोरडं फडकं. शेवटचा कोरडा हात आपण नेहमी गाळतो, आणि नेमकं मागे राहिलेलं पाणी सुकताना क्षारांचे पांढरे ओघळ सोडून जातं. बोअरचं पाणी असलेल्या घरांत हे विशेष. आणखी एक. वास्तूसाठी म्हणून पुसायच्या पाण्यात मीठ घालायची चाल अनेक घरांत आहे. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण सच्छिद्र दगडात मुरलेलं मीठ आत स्फटिक होऊन वरचा थर उखडतं. संगमरवर आणि शहाबादीला ते सोसत नाही. तिथे हवं तर वाटीभर मीठ कोपऱ्यात ठेवावं, पाण्यात घालू नये. कडप्प्याला खोबरेल तेलाचा हात देण्याची जुनी रीत ओट्यापुरती ठीक आहे. चालायच्या जागेवर तेल म्हणजे पाय मोडून घेण्याची सोय.

मोझॅकवर मात्र माझा जीव आहे, म्हणून तिथे जरा थांबते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत ती आहे. पांढऱ्या किंवा रंगीत सिमेंटात संगमरवराच्या चिपा घालून, दाबून, घासून केलेली. तिच्याआधी नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या. त्याही आधी सधनांच्या इमारतींत फरश्या इंग्लंडहून येत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन कंपनीच्या त्या फरश्या आजही पाहायला मिळतात. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेने मुंबईत भारत टाइल्स सुरू केली, आणि दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत, दिवाणखान्यांत या देशी टाइल्सची वेलबुट्टी अजून शाबूत आहे. शंभर वर्षांच्या आसपास माणसांची ये-जा सोसून ती टिकली, कारण बहुतेक काळ तिला पाण्यापलीकडे काही लागलंच नाही.

मोझॅकमध्ये चिप संगमरवराची आणि बांधणारं सिमेंट, म्हणजे ॲसिडला दोन्ही दारं उघडी. तरी स्वयंपाकघरातल्या मोझॅकवर ॲसिड पडतंच, आणि त्याचं कारण असतं गॅसचा सिलिंडर. त्याच्या तळाची लोखंडी कडी ओल्या फरशीवर महिनोन्‌महिने टेकलेली असते. सिलिंडर बदलताना तो बाजूला झाला की खाली तांबूस गंजाचं कडं दिसतं. घरातल्या बाईला ते कडं फार खुपतं. पाहुणे यायचे असले की कुणीतरी सुचवतं, थोडं ॲसिड टाक. गंज फिका होतो, पण कड्याच्या जागी चिपा उघड्या पडतात, भोवतीचं सिमेंट खाल्लं जातं आणि पुढच्या सिलिंडरचा गंज त्या भोकांत आणखी खोल उतरतो. यावर उपाय आधीचा आहे: सिलिंडरखाली चाकांची ट्रॉली किंवा रबरी चकती ठेवावी आणि त्याच्या आसपासची जागा कोरडी ठेवावी. आधीच पडलेलं कडं पॉलिशवाल्याच्या दगडानेच जातं.

त्या पॉलिशबद्दलही सांगायला हवं. यंत्राखाली घासायचे दगड लावून, पाणी सोडून फरशी घासतात, दर फेरीला आधीपेक्षा बारीक दगड लावतात, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पूड चोळून चकाकी आणतात. पाणी सोडूनच घासायचं असतं. कोरडं घासलं तर दगडाची पीठासारखी धूळ कामगाराच्या छातीत जाते. घाई म्हणून, घर ओलं नको म्हणून कोरडं घासायला सांगणारे लोक आहेत, त्यांनी तसं सांगू नये. ऑक्झॅलिकची पूड पोटात गेली तर विष आहे, ती पिठाच्या, सोड्याच्या डब्यांजवळ कधीही राहू नये. आणि घासताना निघणारा राखाडी राडा मोरीत सोडू नये, तो पाइपात बसून घट्ट होतो.

संगमरवराचं दुखणं श्रीमंताचं म्हणून सोडून देता येत नाही, कारण देवघरापुरता तरी तो आता पुष्कळ घरांत असतो. आणि देवघरात काय सांडतं? तेल, हळद, कुंकू. समईखाली तेलाचा तेलकट गोल मुरतो. तो ओला असतानाच त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड जाडसर पसरून रात्रभर ठेवावी, ती तेल बरंचसं शोषून घेते. हळदीची गंमत निराळी. हळदीच्या डागावर कपड्यांचा साबण किंवा सोडा लावला की तो पिवळ्याचा लाल होतो, आणि लावणारी घाबरून आणखी घासते. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, एवढंच ते असतं. चुना घालून हळदीचं कुंकू करायचे तेही याच गुणावर. हळदीच्या डागाला खरा उतारा ऊन. खिडकीतून ऊन येणारी जागा असेल तर डाग हळूहळू आपोआप फिकट होतो. पण बाजारातल्या रंग घातलेल्या कुंकवाला हा नियम लागू नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी संगमरवरावर सतरंजी किंवा जाड कापड अंथरणं, यापलीकडे मला त्यावर काही चांगला उपाय दिसत नाही.

आता झाडण्याबद्दल. पुसण्याचं कौतुक फार होतं, झाडण्याचं होत नाही, आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे. खनिजांच्या काठिण्यश्रेणीत संगमरवराचा आकडा ३ च्या आसपास, तर बाहेरच्या धुळीत आणि वाळूत असणाऱ्या क्वार्ट्झचा ७. चपलेबरोबर आत आलेला वाळूचा कण न झाडता वरून ओलं फडकं दाबून फिरवलं, तर ते फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. चकाकी जाते ती बहुतेक वेळा अशी जाते, आणि लोक ती परत आणायला बाटल्या घेत बसतात. दाराबाहेर काथ्याचं खरबरीत पायपुसणं आणि आत कापडी, एवढ्याने फरशीचं आयुष्य वाढतं. झाडूही जागेप्रमाणे हवा. अंगणाला खराटा, खडबडीत शहाबादीला केरसुणी, गुळगुळीत टाइलला फुलझाडू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. फिनेलच्या बाटलीला कुणी वाहत नाही. घरातली खरी स्वच्छता कुठून सुरू होते हे जुन्या माणसांना नीट कळलं होतं.

व्हिट्रिफाइड टाइल्सनी आता सगळी घरं व्यापली आहेत. गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक भरभरून येतात. फार मोठ्या उष्णतेला भाजल्यामुळे ही टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, शोषण अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणून ती सोसते सगळं. तरीही ती काही महिन्यांत धुरकट दिसायला लागते आणि मग बाटली बदलली जाते. धुरकटपणा बाटलीचाच असतो. झाकणभर सांगितलेलं असताना अर्धी वाटी ओतली की जादा द्रव फरशीवर पातळ पापुद्रा होऊन बसतो, त्यावर धूळ चिकटते, पावलं उमटतात. नुसत्या गरम पाण्याने, पाणी बदलत बदलत पुसलं की मूळची टाइल वर येते. टाइल्सच्या सांध्यांत मात्र बहुधा सिमेंट असतं, तिथे ॲसिड नको. जुन्या ब्रशने, खायच्या सोड्याची पेस्ट लावून सांधे घासावेत. लाल ऑक्साइडच्या गोव्याकडच्या बलकांवांना, म्हणजे दारापुढच्या ओसऱ्यांना, आणि आपल्या साध्या कोब्यालाही हाच नियम. लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीला तर पाण्याचंच भय. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. पिळून जवळजवळ कोरडं केलेलं फडकं, बस.

इथवर फरशीचं झालं. माणसाचं जास्त महत्त्वाचं आहे.

संडासाचं ॲसिडवालं द्रव आणि ब्लीच, किंवा ब्लीचिंग पावडर, ही दोन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. ‘दोन्ही घातली की दुप्पट साफ’ अशा समजुतीने बंद न्हाणीघरात ती एकावर एक ओतली जातात आणि क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला होता तोच हा वायू. डोळे झोंबतात, घसा धरतो, खोकला थांबत नाही, छाती आवळते. ब्लीचमध्ये अमोनियावालं काच पुसायचं द्रव पडलं तरी विषारी वायू तयार होतो. असं घडलं तर बादली उचलून ओतत बसू नये. आधी माणसाने बाहेर मोकळ्या हवेत यावं, दारं-खिडक्या उघड्या टाकाव्यात, आणि खोकला किंवा धाप राहिली तर दवाखान्यात जावं. अंगावर किंवा डोळ्यांत ॲसिड उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरावं. पोटात गेलं तर उलटी करवू नये, कारण जाताना जाळलेलं येताना पुन्हा जाळतं. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

पोटात जातं कसं, हेही सांगते. पांढरं फिनेल पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं होतं. काळं फिनेल, सुटं ॲसिड सरबताच्या, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. दोन-तीन वर्षांच्या पोराने त्यात दूध किंवा सरबत पाहिलं तर त्याचा काय दोष? ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुट्या ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र, अठरा वर्षांखालच्यांना मनाई. तरी गल्लीत कॅन घेऊन ‘ॲसिऽऽड, फिनेऽऽल’ अशी हाळी ऐकू येतेच. ते घेऊ नये. घरात मांजर असेल तर काळं फिनेलही वर्ज्य करावं. त्यातले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराचं यकृत पचवू शकत नाही, आणि मांजर पाय चाटल्याशिवाय राहत नाही. पुसायच्या पाण्यात रॉकेल घालायची जुनी पद्धत तर गॅस आणि देवासमोरचा दिवा असलेल्या घरात विचारातही आणू नये.

आणि पडणं. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घराचं वेळापत्रकच बदलतं. पुष्कळदा ते माणूस पुन्हा आपल्या पायांनी अंगणात जात नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की थंड फरशीला स्वतःलाच पाणी सुटतं आणि पुसलेलं तासन्‌तास वाळत नाही. तेव्हा ओल्या फडक्यामागे लगेच कोरडं फडकं फिरावं, वर पंखा लावावा. खोली एका दमात ओली न करता अर्धी अर्धी पुसावी, म्हणजे आजोबांना संडासाकडे जायला कोरडी वाट राहते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची पहाट मला नेहमी काळजीची वाटते. तेल, उटणं, गरम पाणी, अर्धवट झोप आणि एकामागून एक आंघोळीला जाणारी माणसं. प्रत्येकाने आपल्यामागे गरम पाणी आणि साबणाने न्हाणीघराची फरशी धुऊनच बाहेर यावं, आणि ज्येष्ठांना पहिला मान द्यावा. मान म्हणूनही, फरशी तेव्हा बिनतेलाची असते म्हणूनही.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, “ताई, वास नसला की बायका म्हणतात पुसलंच नाही. म्हणून मीच जास्ती घालते.” म्हणजे आपल्या नाकाच्या समाधानासाठी त्या स्वतःचे हात जाळून घेतात. दिवसभर पाच-सहा घरं, प्रत्येक घरात वेगळी बाटली, उघडे हात, वाकलेली पाठ, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या. हातमोजे आणून दिले तर त्या पहिल्यांदा बाजूला ठेवतात, कारण फडकं नीट पिळलं जात नाही. त्यांच्या मापाचे, पातळ रबराचे आणले तर वापरतात. दांड्याचा पोछा काहींना आवडतो, काहींना कोपरे निघत नाहीत म्हणून नको असतो. विचारावं. ज्यांची पाठ आहे त्यांनी ठरवावं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या सुटीच्या दिवशी न्हाणीघरातल्या आणि सिंकखालच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढा. लेबल नसलेली आणि सरबताच्या बाटलीत भरलेली द्रवं नळाखाली ओतू नका, पालिका घातक घरगुती कचरा जिथे वेगळा घेते तिथे द्या. ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या खोल्यांत, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवा. उरलेल्या बाटल्यांवर कुठली बाटली कुठल्या फरशीला, किती पाण्यात किती, हे मराठीत ठसठशीत लिहून चिकटवा. मग तुमच्या घरची फरशी जी पुसते तिच्याशेजारी बसून ते तिला एकदा वाचून दाखवा, आणि वास आला नाही तरी चालेल, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा.